हवरामी : झाग्रोसच्या डोंगरांतली कुर्दी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुर्दी भाषेबद्दल वाचायला बसलं की कुर्मांजी आणि सोरानी या तिच्या दोन मोठ्या बोलींची नावं लगेच पुढे येतात. हवरामीचं नाव आलंच तर एखाद्या ओळीत, तेही ‘इतर बोली’ म्हणून. ज्या बोलीत अडीच-तीनशे वर्षं कुर्द दरबारांनी कविता ऐकली, एका अख्ख्या पंथाची धर्मवचनं ज्या बोलीत आहेत, तिची अशी बोळवण होऊ नये असं मनापासून वाटतं. म्हणून हे पान. बोलीभाषांची आवड असलेल्या मराठी वाचकांना पडणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

हवरामी नेमकी कुठे बोलतात?

इराण आणि इराक यांच्या सीमेवर, झाग्रोस पर्वतरांगेतल्या हवरामान नावाच्या मुलखात. फारसीत याच मुलखाला औरामान किंवा उरामानात म्हणतात, त्यामुळे नकाशावर दोन-तीन वेगळी नावं दिसली तर गोंधळू नका.

इराणच्या बाजूला हा मुलूख दोन प्रांतांत विभागलेला आहे. कुर्दिस्तान प्रांतात उरामान तख्त आणि त्याभोवतालची गावं येतात. पावे, नौसूद, नोद्शे ही गावं केर्मानशाह प्रांतात. सीमेपलीकडे इराकमध्ये हलबजा शहराच्या वरच्या अंगाला तवेला आणि बियारा आहेत. सगळा प्रदेश सिरवान नदी आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांनी कापून काढलेला, दऱ्या खोल, उतार उभे. तख्तची हवरामी आणि लहोन भागातली हवरामी यांतही फरक आहे, आणि तो तिथली माणसं दोन वाक्यांत ओळखतात.

हवरामी आणि गोरानी एकच का?

हवरामी ही गोरानी गटातली सगळ्यांत मोठी आणि अजून टिकून असलेली बोली. गोरानी हे गटाचं नाव. त्यात केर्मानशाहजवळच्या कंदुला गावची बोली येते, इराकमधल्या मोसुलच्या आसपासच्या शबक लोकांची बोली येते, बाजलानी येते, आणि काकाई पंथाच्या लोकांची ‘माचो’ येते. ‘माचो’ म्हणजे ‘तो म्हणतो’. शेजाऱ्यांच्या कानावर हा शब्द सारखा पडायचा, त्यावरून भाषेचंच नाव पडलं.

जुन्या कवितेची जी भाषा होती तिलाही गोरानीच म्हणतात. ती कुठल्याही एका गावची बोली नव्हती. वेगवेगळ्या भागांतले कवी लिहिताना जी घडीव काव्यभाषा वापरत, ती ही. सोरानीत आजही गाण्याला ‘गोरानी’ हाच शब्द आहे.

हवरामी ही कुर्दीची बोली की स्वतंत्र भाषा?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि यावरून भांडणंही होतात, म्हणून जरा सविस्तर.

भाषाशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर हवरामी वेगळी काढावी लागते, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. ऑस्कर मान यांनी गोळा केलेल्या साहित्याच्या आधारे कार्ल हाडांक यांनी १९३० मध्ये गोरान बोलींवर काम प्रसिद्ध केलं, तेव्हापासून ही मांडणी पुढे आली. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी लहोन भागातल्या हवरामीचं व्याकरण १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं आणि तीच बाजू आणखी पक्की केली. त्यांचा आधार ध्वनिबदलांचा आहे. मूळ इराणी भाषेतल्या काही ध्वनींचं कुर्मांजी-सोरानीत एक झालं आणि हवरामीत दुसरंच. हवरामीत दाराला ‘बर’ म्हणतात, कुर्दीत ‘देरी’ किंवा ‘दर्गा’. मूळ एकच, आपल्या ‘द्वार’चं. हवरामीत जोडाक्षरातला ‘द’ गळाला, कुर्दीत ‘व’. जवाला कुर्दीत ‘जो’, हवरामीत मात्र सुरुवातीचा ‘य’ शाबूत आहे, आपल्या ‘यव’सारखा. ‘बोलणे’ या अर्थाचा धातू हवरामीत ‘वाच्’ आहे. सोरानी-कुर्मांजीत तो या रूपात सापडत नाही. तीनला कुर्दीत ‘से’, हवरामीत ‘यरे’. हे फरक सुटे नाहीत, नियमाने येतात, आणि म्हणून अभ्यासकांना ते महत्त्वाचे वाटतात. काही जण तर हवरामीला तुर्कस्तानातल्या झाझाकीची सख्खी बहीण मानतात.

दुसरी बाजू बोलणाऱ्यांची. हवरामी माणसाला विचारलंत तर बहुतेक जण स्वतःला कुर्द म्हणतात, आणि आजकाल नव्हे, फार पूर्वीपासून. अठराव्या शतकातल्या खानाय कुबादी या गोरानी कवीने आपल्या काव्यात म्हणून ठेवलं आहे की फारसी साखरेसारखी गोड म्हणतात ते खरं, पण मला कुर्दी तिच्याहून गोड लागते. हे त्याने लिहिलं गोरानीत, आणि त्या गोरानीला नाव दिलं कुर्दी! मॅकेन्झींच्या कोष्टकाच्या कितीतरी आधीची ही नोंद आहे.

मराठी-कोकणी वाद ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हा तिढा कळायला वेळ लागणार नाही. आमचं मत विचाराल तर ध्वनिबदल काय झाले ते भाषाशास्त्राने सांगावं, पण माणूस कोण हे ज्याचं त्याने ठरवावं. हवरामी ही रचनेने सोरानीहून बरीच वेगळी आहे आणि हवरामी लोक कुर्द आहेत, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. त्रास होतो तो एका विधानाचा वापर दुसरं खोडून काढायला केला की. ‘ते कुर्द नाहीतच’ असं म्हणून कुर्दांची संख्या कमी दाखवणं सरकारांना सोयीचं पडलं आहे. आणि ‘बोलीच तर आहे, सोरानी शिकले म्हणजे झालं’ असं म्हणत कुर्द पुढाऱ्यांनीही हवरामीला शाळेबाहेर ठेवलं आहे.

सोरानी बोलणाऱ्याला हवरामी समजते का?

सवय नसेल तर नाही. इराकमधल्या सुलेमानिया या सोरानी शहरातला माणूस पहिल्यांदा तवेल्यात आला तर त्याला अधूनमधून शब्द कळतील, पण बोलण्याचा धागा पकडता येणार नाही. उलट हवरामी माणसाला मात्र सोरानी कळते आणि बहुधा बोलताही येते, कारण बाजार, शाळा, कचेरी सगळं त्या भाषेत. इराणच्या बाजूला त्यात फारसीची भर. तीन भाषा येणारी आजी हवरामानात सहज भेटेल. तिची भाषा येणारा परगावचा मात्र क्वचित.

आणखी एक गंमत आहे. सोरानीतून लिंगभेद आणि विभक्ती निघून गेल्या, कुर्मांजीत त्या राहिल्या. असं का झालं? मॅकेन्झींचं म्हणणं असं की आज जिथे सोरानी बोलतात तिथे पूर्वी गोरानी बोलणारे लोक राहत होते. त्यांनी कुर्दी उचलली तेव्हा तिला स्वतःचं वळण दिलं. हे सगळ्यांना मान्य नाही. पण सोरानीच्या तळाशी गोरानीचा थर असावा, हा विचार अभ्यासकांनी गंभीरपणे घेतलेला आहे.

हवरामीच्या व्याकरणात मराठी माणसाला ओळखीचं काही सापडतं का?

सापडतं, आणि फारसी शिकलेल्यांनाही न सापडणारं. हवरामीत नामांना लिंग आहे, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. फारसीत ते नाही, सोरानीत नाही. विशेषणही लिंगाप्रमाणे बदलतं. ‘मोठा’, ‘मोठी’ यांतला फरक करायला जी जीभ लहानपणापासून सरावली आहे तिला हे मुद्दाम शिकावं लागत नाही.

त्याहून जवळचं म्हणजे भूतकाळ. आपण ‘त्याने आंबा खाल्ला’ म्हणतो आणि ‘त्याने भाकरी खाल्ली’ म्हणतो. क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही, कर्मामागे जातं. हवरामीतही सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्त्याला सोडून कर्माशी जुळतं. कर्ता एका छोट्या प्रत्ययाने दाखवतात: ‘मी’साठी ‘म’, ‘तू’साठी ‘त’, ‘तो-ती’साठी ‘श’. हा प्रत्यय वाक्यात आधी येणाऱ्या शब्दाला जाऊन चिकटतो. फारसी बोलणाऱ्याला हे पचनी पडायला वेळ लागतो. मराठी माणसाला वावगं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्यालाही नवी आहे. ‘तो करत होता’ असा चालू भूतकाळ हवरामीत वर्तमानकाळाच्या धातूपासून बनतो, भूतकाळाच्या नव्हे. शेजारच्या भाषांत असं होत नाही, म्हणून व्याकरणकारांचं या रूपावर फार लक्ष असतं.

या भाषेत साहित्य आहे का, की नुसती बोलीच?

‘नुसती बोली’ हे शब्द इथे लागू पडत नाहीत. सेन्ने म्हणजे आजचं सनंदज. तिथे अर्दलान घराण्याची सत्ता होती. त्या दरबारात आणि आसपासच्या मुलखात गोरानी ही काव्याची प्रतिष्ठित भाषा होती. छंद ठरलेला: दहा अक्षरांची ओळ, पाचवर यती, दोन-दोन ओळींना यमक. अरबी-फारसीच्या छंदशास्त्राला बाजूला ठेवून लोकगीताचा हा साधा ठेका कवींनी दरबारात नेला. ‘शीरीन-खुस्रो’सारख्या लांबलचक प्रेमकथाही त्यात रचल्या गेल्या, आणि गवळ्याच्या तोंडचं गाणंही त्यातच होतं.

सतराव्या शतकातला बेसारानी हा या परंपरेतला पहिल्या मोठ्या नावांपैकी एक. पण एकाच कवीकडे बोट दाखवायचं झालं तर ते मौलवी तावगोझीकडे (१८०६–१८८२). धर्मशास्त्राचा पंडित, नक्शबंदी या सूफी पंथाचा साधक, तवेल्याच्या शेख उस्मान सिराजुद्दीनचा शिष्य. त्याचा ग्रंथसंग्रह आगीत गेला, बायको अंबर खातून वारली, उतारवयात दृष्टी गेली. अंबर खातूनसाठी त्याने लिहिलेली विलापगीतं आजही लोकांच्या ओठांवर आहेत. त्यांत तत्त्वज्ञानाचा आव नाही. वसंत आला, फुलं आली, ती नाही, एवढंच दुःख तो हवरामानच्या ऋतूंतून मांडत राहतो. पुढे सुलेमानियाचा कवी पीरेमेर्द (१८६७–१९५०) याने मौलवीची कविता सोरानीत आणली. म्हणजे दोन पिढ्यांतच कुर्द वाचकाला मौलवी समजावून सांगायची वेळ आली होती, हेही त्यातून कळतं.

या साहित्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. क्लॉडियस रिच हा ईस्ट इंडिया कंपनीचा बगदादमधला रेसिडेंट. त्याचं लग्न मुंबईत झालं होतं, बायको तिथले न्यायाधीश सर जेम्स मॅकिन्टॉश यांची मुलगी. १८२० मध्ये तो कुर्दिस्तानात फिरला. त्याने जमवलेली हस्तलिखितं त्याच्या मृत्यूनंतर ब्रिटिश म्युझियमने विकत घेतली. युरोपातल्या अभ्यासकांना गोरानी कवितेची पहिली ओळख ज्या वह्यांतून झाली त्या याच संग्रहातल्या.

एवढी प्रतिष्ठा होती तर ही भाषा मागे कशी पडली?

राजाश्रय गेला, हे पहिलं कारण. १७८४ मध्ये बाबान घराण्याने सुलेमानिया शहर वसवलं. अर्दलान आणि बाबान यांचं वैर जुनं. अर्दलानांची काव्यभाषा गोरानी, म्हणून बाबानांच्या शहरात नाली आणि त्याच्या सोबतच्या कवींनी तिथल्या बोलीत, म्हणजे आजच्या सोरानीत, गझल लिहायला घेतली. शैली फारसी वळणाची, भाषा घरची. हा प्रयोग विलक्षण यशस्वी झाला. पुढे १८६० च्या दशकात इराणच्या काजार शहांनी अर्दलान सत्ता मोडीत काढली आणि गोरानीचा दरबारच उरला नाही.

पहिल्या महायुद्धानंतर सुलेमानियात ब्रिटिश आले आणि त्यांनी स्थानिक कारभारात सोरानी वापरली. वर्तमानपत्रं निघाली, क्रमिक पुस्तकं निघाली, १९३१ मध्ये इराकने स्थानिक भाषांचा कायदा केला. छापखाना ज्या बोलीला मिळतो ती भाषा होते. तो सोरानीला मिळाला. कुर्दी आधुनिक कवितेचा प्रवर्तक अब्दुल्ला गोरान (१९०४–१९६२) हा हलबजात जन्मला, टोपणनाव घेतलं ‘गोरान’, गोरानी लोकछंद त्याने नव्या कवितेत आणले. पण लिहिलं सोरानीत. त्याला दोष द्यायचं कारण नाही, वाचक तिथे होते.

यारसान पंथाचा या भाषेशी काय संबंध?

यारसान म्हणजेच अहले-हक. इराकमध्ये त्यांना काकाई म्हणतात. त्यांची धर्मवचनं, ज्यांना ‘कलाम’ म्हणतात, गोरानीत आहेत. पंथाला आजचं रूप देणारा सुलतान सहाक याने सिरवान नदीकाठी परदीवर इथे आपली गादी स्थापली, आणि ते ठिकाण हवरामानातच येतं. मेळा भरतो त्याला ‘जम’ म्हणतात. त्यात तंबूर नावाचं लांब मानेचं तंतुवाद्य वाजवत कलाम म्हणतात. आज यारसानांपैकी बरेच जण घरी दक्षिणी कुर्दी बोलतात, पण जममध्ये भाषा गोरानीच. रोजच्या बोलण्यातून गेलेली भाषा प्रार्थनेत अशी जपली गेली आहे.

इराणच्या राज्यघटनेत मान्यताप्राप्त अल्पसंख्य धर्म तीनच: पारशी, ज्यू, ख्रिस्ती. यारसान त्यांत नाहीत. त्यामुळे या लोकांना नोकरीच्या अर्जापासून अडचण सुरू होते.

हवरामानातले बहुसंख्य लोक मात्र सुन्नी, शाफई मताचे आहेत. तवेला आणि बियारा इथले नक्शबंदी खानका, म्हणजे सूफी मठ, प्रसिद्ध. त्यांची गुरुपरंपरा मौलाना खालिद (१७७९–१८२७) यांच्यातून येते, आणि ते दीक्षा घ्यायला थेट दिल्लीला, शाह गुलाम अलींकडे आले होते.

हवरामानात दोन हजार वर्षांपूर्वीची कागदपत्रं सापडली, ती हवरामीत आहेत का?

नाहीत, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. १९०९ च्या सुमारास हवरामानातल्या एका गुहेत बंद केलेला रांजण सापडला, त्यात चर्मपत्रं होती. डॉ. सईद खान या कुर्द वैद्यांच्या हाती ती आली आणि त्यांनी ती लंडनला नेली. तीन वाचता आली: दोन ग्रीकमध्ये, एक पार्थियन भाषेत. काळ इसवी सनपूर्व पहिलं शतक ते इसवी सनाचं पहिलं शतक. विषय? द्राक्षमळ्याची खरेदी-विक्री. कोणी विकला, कोणी घेतला, साक्षीदार कोण. थोडक्यात, दोन हजार वर्षांपूर्वीचं खरेदीखत. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

पार्थियन आणि हवरामी दोन्ही वायव्य इराणी गटातल्या, त्यामुळे काही साम्यं दिसतात. पण म्हणून ते पत्र हवरामीतलं ठरत नाही. तसंच अरब आक्रमणाच्या काळातली म्हणून एक चार ओळींची ‘प्राचीन हवरामी कविता’ सगळीकडे फिरते. अभ्यासकांनी ती फार नंतर रचलेली ठरवली आहे. हवरामीचं खरं जुनं वैभव एवढं आहे की बनावट पुराव्यांची तिला गरज नाही.

हवरामी लोकांचं राहणीमान कसं आहे?

डोंगराच्या उभ्या उतारावर चुन्या-मातीशिवाय नुसते दगड रचून बांधलेली घरं, एकावर एक पायऱ्यांसारखी. खालच्या घराचं छप्पर हे वरच्या घराचं अंगण. त्याच छपरावर अक्रोड वाळत घालतात, मुलं खेळतात, लग्नाला हात धरून नाचतात. उतारावर दगडी बांध घालून पायरीशेती. अक्रोड, डाळिंब, अंजीर, द्राक्षं. उन्हाळा आला की कुटुंबं गुरंढोरं घेऊन वरच्या कुरणांवरच्या दगडी झोपड्यांत राहायला जातात, त्या वस्तीला ‘हवार’ म्हणतात, आणि थंडी पडू लागली की खाली गावात येतात. पायात कलाश, म्हणजे सुताने विणलेले, कापडाच्या घट्ट थरांच्या तळव्याचे पांढरे जोडे. डावा-उजवा असा भेद नसलेले. २०२१ मध्ये युनेस्कोने हवरामानच्या सांस्कृतिक भूदृश्याला जागतिक वारसा यादीत घेतलं ते हे सगळं जमेस धरून.

पर्यटकांच्या फोटोत न येणारी बाजूही सांगायला हवी. शेती थोडी, कारखाने नाहीत. नौसूद आणि आसपासचे असंख्य पुरुष ‘कोलबर’ म्हणून काम करतात: सीमेपलीकडून चहा, सिगारेट, टीव्ही, घरगुती यंत्रं पाठीवर लादून बर्फातून रात्री आणायची. पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी, भूसुरुंगांनी, हिमकड्यांनी दरवर्षी माणसं मरतात. त्यांत पदवीधर असतात, शाळकरी पोरंही असतात. सिरवानवर दर्यान धरण झालं आणि २०१५ च्या अखेरीस पाणी अडवायला सुरुवात झाली, तेव्हा हजीज गावाचा खालचा भाग आणि लोकांना पवित्र वाटणारा ‘कानी बेल’ हा मोठा झरा पाण्याखाली गेला. धरणग्रस्त म्हणजे काय हे महाराष्ट्रात समजावून सांगावं लागत नाही.

पीर शालियारचा उत्सव काय असतो?

उरामान तख्तमध्ये ऐन हिवाळ्यात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला हा उत्सव होतो. आख्यायिका अशी की बुखाराच्या राजाची मुलगी, शाह बहार खातून, मुकी-बहिरी होती. पीर शालियारने तिला बरं केलं आणि तिच्याशी लग्न केलं. उत्सव म्हणजे त्या लग्नाचा वाढदिवस.

आधी पीराच्या बागेतले अक्रोड मुलांच्या हाती घरोघर वाटले जातात. अक्रोड दारात आला म्हणजे आवतण पोचलं. मग एका पहाटे पोरं घराघरांवर चढून खाऊ मागत फिरतात. बोकड-मेंढ्या कापून भरडलेल्या जवाबरोबर मोठ्या कढयांत शिजवतात आणि सगळ्या गावाला वाटतात. दुपारी डफ वाजू लागतो आणि पुरुष एकमेकांच्या हातात हात गुंफून छपरांवर ओळीने डोलतात, ओठांवर अल्लाचं नाव. मुसलमानपूर्व काळातलं काहीतरी यात शिल्लक असावं असं अनेकांना वाटतं. असेलही. गावकऱ्यांच्या दृष्टीने हा त्यांच्या पीराचा दिवस आहे, एवढं पुरे.

‘स्याचमाना’ म्हणजे काय?

हवरामानची गायकी. शब्दाचा अर्थ ‘काळ्या डोळ्यांची’. साथीला वाद्य नाही. एकटा आवाज, तोही कंठातून कापत कापत वर जाणारा, बरोबर फार तर टाळ्या. शब्द त्याच दहा अक्षरी ओळींचे. दोन डोंगरांमधल्या दरीत आवाज टाकायची सवय असलेल्या माणसांची ही शैली आहे. बंद खोलीत ऐकली की निम्मी हरवते. पहिल्यांदा ऐकणार असाल तर संगीत संयोजन केलेली नवी ध्वनिमुद्रणं टाळा आणि बिनसाथीची शोधा.

हलबजाची ओळख हवरामीशी जोडलेली का आहे?

हलबजा शहर हवरामानच्या पायथ्याशी आहे, आणि तिथे हवरामी व सोरानी दोन्ही बोलतात. इराण-इराक युद्धाच्या शेवटी, १६ मार्च १९८८ रोजी सद्दाम हुसेनच्या विमानांनी शहरावर विषारी वायूचे बाँब टाकले. सुमारे ५,००० माणसं मेली. वाचले ते हवरामानच्या डोंगरांतून चालत इराणकडे गेले. त्याच वर्षी जुलैत इराणमधल्या झर्दा या यारसान गावावरही वायुहल्ला झाला. सीमेवरची कितीतरी गावं त्या वर्षांत ओस पडली. लोक निर्वासितांच्या छावण्यांत आणि शहरांत गेले, मुलं दुसऱ्या भाषांत वाढली. भाषा कमी होण्याच्या कारणांत हे कारण क्वचित लिहिलं जातं, पण ते पहिल्या कारणांपैकी आहे.

हवरामी खरंच धोक्यात आहे का?

युनेस्कोच्या नकाशात ती ‘निश्चितपणे धोक्यात’ या वर्गात आहे. बोलणारे अजून लाखांत असल्याचे अंदाज आहेत, त्यामुळे उद्या संपेल अशी स्थिती नाही. पण घरातली मुलं आईवडिलांशी कोणत्या भाषेत बोलतात हे खरं मोजमाप. पावे, मरिवान, सनंदज अशा शहरांतले तरुण हवरामी आईबाप मुलांशी फारसीत बोलू लागले आहेत, मुलं शाळेत मागे पडू नयेत म्हणून. इराकच्या बाजूला हीच जागा सोरानी घेते.

कायदा काय म्हणतो? इराणच्या राज्यघटनेचं १५ वं कलम प्रादेशिक भाषांचं साहित्य शाळेत शिकवायला परवानगी देतं. प्रत्यक्षात शाळा फारसीतच चालते. इराकच्या २००५ च्या घटनेत कुर्दी ही अरबीबरोबर राजभाषा आहे, मात्र कुर्दी म्हणजे कोणती बोली हे तिथे लिहिलेलं नाही. २००८ मध्ये ५३ लेखक-प्राध्यापकांनी सोरानी हीच एकमेव अधिकृत कुर्दी करावी असं निवेदन दिलं. विरोध झाला तो मुख्यतः कुर्मांजी बोलणाऱ्यांचा, कारण त्यांची संख्या मोठी. हवरामी बोलणाऱ्यांचा आवाज त्या गदारोळात कोणाला ऐकू येणार? अरबी आणि फारसीच्या दडपणाखाली ज्यांनी आपली भाषा जपली, त्यांनीच घरातल्या लहान बोलीला तीच वागणूक द्यावी, हे पाहून वाईट वाटतं.

हवरामी कोणत्या लिपीत लिहितात? मोबाइलवर चालते का?

सोरानीसाठी सुधारलेली अरबी लिपी, ज्यात सगळे स्वर लिहितात, तीच हवरामीलाही वापरतात. हवरामीत ‘द’चा एक मवाळ, जीभ जेमतेम टेकणारा उच्चार आहे, त्यासाठी टिंबं दिलेलं वेगळं अक्षर काही लेखक वापरतात, काही साधा ‘द’ लिहून मोकळे होतात. कीबोर्ड सोरानीचा चालतो. गूगलच्या भाषांतरात कुर्मांजी २०१६ पासून आणि सोरानी २०२२ पासून आहे; हवरामी मजकूर त्यात टाकलात तर येणाऱ्या उत्तरावर विसंबू नका.

पुण्यात शिकणारा एखादा कुर्द विद्यार्थी भेटला तर तो हवरामी आहे हे कसं ओळखायचं?

सरळ विचारा, कोणाला वाईट वाटत नाही. हलबजा, पावे किंवा मरिवानच्या बाजूचा असेल तर शक्यता बरीच. त्याला दहापर्यंत आकडे म्हणायला सांगा आणि तीनवर लक्ष ठेवा: ‘से’ म्हणाला तर सोरानी किंवा कुर्मांजी, ‘यरे’ म्हणाला तर हवरामी. घराला काय म्हणतात ते विचारा. सोरानीत ‘माल’, हवरामीत ‘याना’. मग मौलवीच्या दोन ओळी म्हणायची विनंती करा. त्याला नसतील येत तर तो बहुधा घरी आजीला फोन लावेल, आणि पुढचा अर्धा तास ती बोलत राहील.